पुढची चाकं उलटी

५ ऑगस्ट २००७, रविवार

गाडी उघडली! चांगली चालती गाडी. काल संध्याकाळी तिच्यातूनच आंबत्तूरहून तांदूळ आणला, आणि आज सकाळी शेजारी गुरुमूर्तींच्या शेडमध्ये डोकावते तर पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली, गाडी लाकडी ओंडक्यांवर, आणि हे तिच्याखाली उताणे. बाहेर फक्त पाय.

"अहो, दसऱ्याला निघायचंय ना आपल्याला?"

"म्हणून तर," पाय म्हणाले.

पुढे काही नाही. ह्यांचं हे नेहमीचंच. तीस वर्षं रणगाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासले – पास किंवा नापास, दोनच शब्द. घरातही तेवढेच पुरवून वापरतात.

दसऱ्याला चेन्नई सोडायची हे पक्कं आहे. लग्न होऊन इथे उतरले त्या दिवसापासून माझा एकच घोशा – परत जायचं. मार्चमध्ये हे रिटायर झाले. आजऱ्याच्या पुढे डोंगरात भाऊजींनी आमच्यासाठी दोन खोल्या बांधून घेतल्या. इथल्या घरमालकांना सांगून झालं. सामान ट्रान्सपोर्टने जाईल, आम्ही दोघं या जुन्या पिकअपमधून. दसरा म्हणजे सीमोल्लंघन, वेगळा मुहूर्त बघायला नको – हे ह्यांचंच म्हणणं!

आणि आता चाकं भिंतीला. मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय.

९ ऑगस्ट

आज समजावून सांगितलं. ऐकलं. कळलं असं म्हणवत नाही.

गाडीची पुढची दोन्ही चाकं आपापली स्वतंत्र हलतात. आरामशीर. ते सगळं काढायचं आणि त्या जागी जीपचा सलग ॲक्सल घालायचा. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड लोखंड.

"त्याने काय होईल?"

"गाडी जास्त आदळेल."

"म्हणजे आराम कमी?"

"बराच."

मी कपाळाला हात लावला. मग हे उठले आणि स्वयंपाकघरातून लाटणं आणि दोन चमचे घेऊन आले. चमचे म्हणजे आत्ताची गाडी, लाटणं म्हणजे होणारी. आमच्या त्या घराकडचा शेवटचा चढ नुसता दगडांचा आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा तिथे गाडी आपटली आणि पुढचा एक चमचा वाकला. (उरलेली वाट मी डोक्यावर बॅग घेऊन चढले. विसरलेले नाही.) लाटणं वाकत नाही. त्याचं एक टोक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, चारही चाकं जमीन धरून राहतात, आणि ही गाडी चारही चाकांनी ओढणारी असल्यामुळे चढून जाते.

"मग चढच नीट करून घ्या की! गाडी कशाला मोडता?"

चमचे उचलून आत ठेवले आणि शेडमध्ये गेले. लाटण्याला ग्रीस लागलं होतं.

१८ ऑगस्ट

ॲक्सल आला. एका मोडीत काढलेल्या जीपचा. शेडमध्ये मढ्यासारखा पडलाय आणि हे दोघं त्याच्याभोवती उकिडवे बसून आहेत.

दोघं म्हणजे हे आणि गुरुमूर्ती. गुरुमूर्ती त्याच कारखान्यात टर्नर होते. आता घरामागच्या शेडमध्ये लेथ टाकून बसलेत. तंजावरकडचे मराठी – पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर आले ते तिकडचेच झाले. त्यांची मराठी ऐकली की जुनी पोथी बोलते आहे असं वाटतं आणि मधूनच त्या पोथीला तमिळ सुटतं. ह्यांच्याबरोबर मात्र तासन्‌तास बोलतात. माझ्याशी दोन शब्द, तिथे पारायण!

घोळ असा की, ॲक्सलला एक लोखंडी गोळा असतो, त्यात दातेरी चक्रं. इंजिनाकडून येणारा दांडा त्या गोळ्यात शिरतो. तो गोळा मधोमध नसतो, एका कुशीला असतो. जीपचा उजवीकडे आणि आमच्या गाडीचा दांडा येतो डावीकडून. म्हणजे दोघांची भेटच नाही.

"वैनी, चिंता कशास करितां?" गुरुमूर्ती म्हणाले. "अख्खा पालथा करूं. गोळा आपसूक डावीकडे येईल. सेरी?"

सेरी म्हणजे ठीक. मी सेरी म्हणाले. मला काय कळतंय!

२६ ऑगस्ट

आजऱ्याहून तुळसाचा फोन. माझी धाकटी जाऊ. खोल्यांना रंग झाला म्हणे, फिकट हिरवा. मी बोलत होते आणि ती मध्येच हसायला लागली – "वहिनी, तुमचं बोलणं कसं हेल काढून यायला लागलंय हो! मद्रासी वाटतं."

फोन ठेवला. एवढा राग का आला ते समजत नाही. तिने काही वाईट म्हटलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मोदक केले. अंबुजा – गुरुमूर्तींची बायको – तिचे कोळुकट्टै घेऊन आली. उकड तीच, नारळ तोच, आणि दर वर्षी वाद तोच, की कळ्या पाडायच्या की नाहीत. या वर्षी वाद घालताना ती मध्येच थांबली. "पुढच्या वर्षी मी कोणाशीं भांडूं, अक्का?" म्हणाली. मी मोदक वाफवायला ठेवत होते. 

ॲक्सल बसला. पालथा करून. आता स्प्रिंगचे पाटे, आता वेल्डिंग, आता अजून काही. दिवसभर निळ्या ठिणग्या. दसरा महिन्यावर आलाय आणि गाडीखाली जाळ चाललाय.

२३ सप्टेंबर, रविवार

काय लिहू! हसू की रडू!

गाडी चारही ओंडक्यांवर, चारही चाकं अधांतरी. हे वर बसले, इंजिन चालू केलं. अंबुजा आणि मी कॉफीचे टंबलर घेऊन उभ्या. आधी मागची चाकं फिरली, छान. मग ह्यांनी पुढचा दांडा जोडणारा खटका ओढला. पुढचीही फिरली! गुरुमूर्तींनी टाळ्या वाजवल्या. ह्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू.

मी बघत होते. परत बघितलं. म्हटलं, आपल्याला काय कळतं, गप्प बसावं. पण राहवेना.

"अहो, ही पुढची चाकं उलटी का फिरताहेत?"

सगळे चाकांकडे वाकले. इंजिन तेवढं चालू. मागची चाकं पुढे निघालेली, पुढची मागे! जमिनीवर असती तर गाडीने स्वतःशीच झटापट केली असती.

अंबुजा तोंडाला पदर लावून एवढी हसली की कॉफी सांडली. गुरुमूर्ती म्हणाले, "अय्यो." ॲक्सल पालथा घातला, तेव्हा आतले दातही दुसऱ्या बाजूने लागले, म्हणून फिरणं उलटं. इतकं सोपं, की मलासुद्धा समजलं.

हे खाली उतरले. हात पुसले. "नापास," म्हणाले आणि घरी येऊन आंघोळीला गेले.

२४ सप्टेंबर

डोक्यातून जात नाही. गुरुमूर्तींचं सोडा, ते लेथवाले. पण ज्या माणसाने जन्मभर दातेरी चक्रं कुठल्या बाजूला फिरतात हेच बघितलं, त्याच्या हे लक्षात येऊ नये?

दोनच गोष्टी संभवतात. एक, वय झालं. दुसरी –

दुपारी विचारलंच. "तुम्हाला जायचं नाहीये. खरं सांगा. मुद्दाम लांबवताय."

हे पेपर वाचत होते. तो खाली केला. "कुमुद, तुला जायचंय म्हणून तर हे सगळं."

आणि पेपर परत वर.

हे उत्तर झालं का? मी संध्याकाळपर्यंत ते उलटसुलट करून बघितलं. "तुला" म्हणाले. "आपल्याला" नाही. की मीच शब्दांचा कीस पाडते आहे? हिंदीच्या शिकवण्या घेऊन घेऊन ही खोड लागली मला.

२९ सप्टेंबर

पुदुपेट्टैला गेलो, तिघं. मोडक्या गाड्यांचा अख्खा बाजार. या दुकानात फक्त दारं, त्या दुकानात फक्त दिवे, रस्त्यावर तेलाचे डाग. डावीकडे गोळा असलेला ॲक्सल हवा होता. सुब्बा म्हणून एक दुकानदार, त्याच्याकडे होता. पण ह्यांच्या तोंडाकडे बघून तो काहीच्या काही भाव सांगायला लागला. ह्यांची तमिळ म्हणजे कारखान्यातली – बोल्ट, नट, सलाम. मी पुढे झाले. त्याला असं काही सुनावलं की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. शेवटी सुब्बाने हात जोडले. "अम्मा एन्द ऊरु?" – अम्मा कुठल्या गावच्या?

"तिरुमुल्लैवायल," मी आमच्या इथल्या वस्तीचं नाव सांगून टाकलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, की आजरा म्हणायला हवं होतं.

३ ऑक्टोबर

कौशिकचा फोन. आमचे चिरंजीव सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, तिकडेच मित्रांबरोबर राहतात. "आई, तिथे तू भांडणार कोणाशी? ऑटोवालेच नाहीत!"

आगाऊ आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

झालं! आठवडाभरात! ह्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. जुना ॲक्सल काढला, नवा सरळ बसवला, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा पाटे. आज ओंडक्यांवर चालवून बघितली – चारही चाकं एकाच दिशेला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पास?" मी म्हटलं, पास. फक्त स्टिअरिंगची जोडणी राहिलीय.

म्हणजे मी उगीच संशय घेतला. ह्यांना जायचंय. मनापासून जायचंय. मला केवढा आनंद व्हायला हवा!

भांडी बांधायला काढली होती, ती परत फडताळात ठेवली. लागतात रोज.

११ ऑक्टोबर

पहाटे स्वप्न पडलं. माहेरच्या ओट्यावर मी आईशी भांडते आहे, आणि तमिळमध्ये. आईला तमिळचा एक शब्द येत नव्हता. तरी ती फटाफट उत्तरं देत होती.

दिवसभर चुकल्यासारखं होतंय. शिकवणीच्या मुलांना आज निरोप दिला. फुलवाली सरोजा विचारत होती – शुक्रवारचा गजरा आता कोणाला द्यायचा? म्हटलं, खूप बायका आहेत. ती म्हणाली, आहेत, पण भाव करणाऱ्या नाहीत.

१३ ऑक्टोबर

काल नवरात्र बसलं. अंबुजाकडे इकडच्या रिवाजाप्रमाणे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या पायरीवर माझी सावंतवाडीची लाकडी फळं असतात. कधीतरी पहिल्या वर्षी मी दिली होती, तिथेच राहिली. या वर्षी ती पेटीतून काढून तिने माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा अक्का, तुझीं आहेत."

मी परत पायरीवर मांडली. आंबा डावीकडे, सीताफळ उजवीकडे. "राहू देत गं," म्हटलं.  तिने बघितलं आणि रिकामी पेटी मिटली.

नक्की काय होतंय मला?

१७ ऑक्टोबर

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगचा खिळा नव्या ॲक्सलच्या भोकात ढिला बसतो. म्हणून मध्ये घालायला गुरुमूर्तींनी लेथवर एक बुश करून दिला. निमुळता, पोलादी, अंगुस्तानाएवढा. तो बसला की गाडी वळेल, म्हणजेच निघेल.

एक नाही, दोन केले. गुरुमूर्तींची जुनी रीत – कुठलीही वस्तू लेथवर केली की दोन. "एक कामास, एक हरवण्यास." दोन्ही ह्यांच्या हातावर ठेवताना मी पाहिलं.

हे आजच बसवायला निघाले होते. गुरुमूर्तींनी अडवलं. शनिवारी आयुधपूजा, त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, सगळी पूजेत. आणि दसऱ्याला सकाळी पूजा हलवून पहिलं काम करायचं, ते शुभ. "हा बुश पूजेंत ठेवूं. दसऱ्यास सकाळीं बसवूं. तेंच पहिलें काम. मग तुम्हीं निघा." ह्यांनी मानलं. सीमोल्लंघनवाल्याला न मानून कसं चालेल!

२० ऑक्टोबर, शनिवार, आयुधपूजा

शेडमध्ये फळी मांडली. पान्हे, हातोड्या, लेथची अवजारं, ह्यांची मोजपट्टी. सगळं धुऊन-पुसून, गंध, कुंकू, झेंडूचं फूल. गाडीलाही हार, चाकांखाली लिंबं. अंबुजा आणि मी ओळीने गंध लावत गेलो. शेवटी बुश. एकच होता. दुसरा कुठेतरी नीट ठेवलाय असं हे म्हणाले.

मी बोटाने त्याला गंध लावलं. कुंकू लावलं. एवढासा. आणि याच्यावाचून ती एवढी गाडी जागची हलू शकत नाही.

जास्त लिहीत नाही आज.

२१ ऑक्टोबर, दसरा

बुश सापडत नाही. सगळे शोधताहेत. मीही.

२२ ऑक्टोबर

इथे तरी खोटं कशाला. बुश माझ्याकडे आहे.

काल पूजा हलवायच्या आधी मी फुलं गोळा करायला शेडमध्ये गेले. निर्माल्य परातीत भरत होते. झेंडूबरोबर तोही हातात आला आणि मी तो खाली ठेवला नाही. एवढंच. ठरवून काही केलं नाही, शप्पथ! पदराच्या टोकाला गाठ मारली. आता शिवणाच्या डब्यात आहे, अंगुस्तानाशेजारी, कुंकवासकट.

मला जायचं नाही. लिहिलं एकदाचं.

केव्हापासून नाही ते मला माहीत नाही. "परत जायचं" असं रोज म्हणत इथे राहायचं, एवढंच मला येतं बहुतेक. जन्मभर ज्याच्या नावाने कंठशोष केला ते समोर आलं आणि मी बुश पदरात बांधला! कोणत्या तोंडाने सांगू ह्यांना? रिटायर झाल्यावर माणसाने आराम करायचा, तर माझ्या हट्टापायी हे दोन महिने गाडीखाली उताणे पडले. दोनदा ॲक्सल बसवला. आता म्हणू, मला नको? मला माझीच लाज वाटते.

त्यात आज निराळंच घडलं. गुरुमूर्ती म्हणाले, "विद्याधर, तो गेला तर गेला, दुसरा लाव."

हे म्हणाले, "दुसरा कुठला? तू एकच दिलास."

"दोन दिले."

"एक."

"विद्याधर, मी कधीं एक करितों?"

 एवढ्या वर्षांत त्यांचं कधी वाजलेलं मी पाहिलं नाही. गुरुमूर्ती शेवटी खाली बसले, कपाळ पुसलं. "असेल. मला विसर पडला असेल," म्हणाले. तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे लागलं असणार. मी डोळ्यांनी पाहिलं होतं ह्यांच्या हातावर दोन! बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरा सापडला तर निघावं लागेल ना. मी इतकी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि हे विसरले कसे? ॲक्सलच्या वेळी तेच, आता तेच. वयच झालं बहुतेक. जीव तुटतो.

गुरुमूर्ती उद्या नवा करून देतो म्हणाले. हे म्हणाले, "राहू दे, घाई नाही. घाटात पाऊस असेल अजून." घरमालकांकडेही जाऊन आले म्हणे. पुढच्या महिन्यापर्यंत राहा म्हणाले ते.

२४ ऑक्टोबर

ह्यांचा खाकी शर्ट भिजत घालायला घेतला. वरच्या खिशात जड लागलं. रुमालात गुंडाळलेला बुश. गंध नाही, कुंकू नाही. धावत जाऊन शिवणाचा डबा उघडला – माझा तिथेच होता.

शर्ट भिजवला नाही. होता तसा खुंटीला लावला. कॉफी घेऊन शेडमध्ये गेले. हे बॅटरी घेऊन लेथखाली वाकून शोधत होते.

"सापडला का हो?"

"नाही गं," म्हणाले. "बघू उद्या."